निकोबारखालची ३३ किलोमीटरची रेघ : भूकंपाच्या खोलीविषयी एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातले आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत. प्रस्तुत लेखक त्या काळात विभागाच्या संशोधन आढावा समितीत होता, त्यामुळे येथे मांडलेल्या बहुतेक चर्चा त्याने प्रत्यक्ष ऐकलेल्या आहेत.

विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि लातूर जिल्ह्यातील एका पुनर्वसित गावात वाढली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप तिच्या जन्माआधीचा असला, तरी त्या भागातल्या कोणत्याही घराप्रमाणे तिच्याही घरात तो रोजच्या बोलण्याचा भाग होता. प्रबंधासाठी किल्लारीच घ्यावे असे तिला आरंभी वाटत होते. मार्गदर्शकांनी तिला समजावले, की किल्लारीचा भूकंप भूपट्टाच्या, म्हणजे टेक्टॉनिक प्लेटच्या, अंतर्भागातला होता, अशा प्रदेशात भूकंप विरळ होतात, आणि निव्वळ भूकंपांच्या स्थानांवरून खालची रचना रेखाटण्याइतके बिंदू तेथे मिळत नाहीत. भूकंप स्वतःच भूगर्भाचा आकार दाखवतात असे पाहायचे असेल, तर जेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो त्या अधोगमन क्षेत्राकडे, म्हणजे सबडक्शन झोनकडे, वळावे लागते. अंदमान, निकोबार आणि उत्तर सुमात्रा हा पट्टा त्यातून ठरला. २६ डिसेंबर २००४ रोजी ९.१ महत्तेचा भूकंप याच पट्ट्यात झाला आणि फाटण्याची क्रिया सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर पसरत गेली.

पद्धत जुनी आणि भक्कम आहे. कियो वादाती यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस जपानखालच्या खोल भूकंपांचे अस्तित्व पुराव्यानिशी मांडले, आणि पुढे ह्यूगो बेनिऑफ यांनी पॅसिफिकच्या कडेने असे भूकंप खंडाच्या बाजूला कलत जाणाऱ्या पट्ट्यात सापडतात हे दाखवले. सागरी गर्तेला, म्हणजे भूपट्ट जेथून खाली जाऊ लागतो त्या समुद्रतळावरच्या खोल चराला, काटकोनात एक रेषा घ्यायची, तिच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक अंतरातले भूकंप त्या रेषेवर आणायचे आणि आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर खोली असा छेद काढायचा. बिंदू पुरेसे असले की खाली जाणारा भूपट्ट तिरप्या पट्ट्याच्या रूपाने दिसू लागतो. विद्यार्थिनीने अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सूचीतून, म्हणजे यूएसजीएसच्या कॅटलॉगमधून, अनेक दशकांचे भूकंप उतरवून घेतले आणि निकोबार बेटांवरून जाणारा छेद काढला.

अडचण

पहिल्या आढावा बैठकीत तो छेद पडद्यावर आला तेव्हा अपेक्षित तिरपा पट्टा दिसत होता. त्याशिवाय दोन आडव्या ओळी होत्या, एक १० किलोमीटर खोलीवर आणि दुसरी, अधिक ठळक, बरोबर ३३ किलोमीटरवर. विद्यार्थिनीने ३३ च्या ओळीचा अर्थ असा लावला होता, की ही वरच्या भूपट्टातील भूकवच आणि प्रावरण यांमधली मोहो सीमा असावी आणि ताण या सीमेशी एकवटत असावा. प्रबंधाच्या मुख्य प्रकरणाचे शीर्षकही तिने त्यावरूनच योजले होते.

हा अर्थ उथळ नव्हता. अधोगमन क्षेत्रात वरच्या भूपट्टाची मोहो सीमा खाली जाणाऱ्या भूपट्टाला जेथे भेटते त्या कोपऱ्याचा अभ्यास जगभर चालतो, कारण मोठे भूकंप किती खोलपर्यंत पसरू शकतील याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. बैठकीतल्या एका ज्येष्ठ अध्यापकांनी तिचे कौतुक केले आणि हा भाग विस्ताराने लिहावा असे सुचवले.

तेवढ्यात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, की ही ओळ गर्तेच्या पश्चिमेलाही तशीच का चालू राहते? गर्तेच्या पश्चिमेला वरचा भूपट्टच नाही. तेथे भारतीय भूपट्टाचा सागरी भाग आहे, त्याचे कवच सहा-सात किलोमीटर जाडीचे, आणि त्याची मोहो सीमा समुद्रसपाटीपासून फार तर दहा-बारा किलोमीटरवर असायची. एकच सीमा दोन पूर्णपणे वेगळ्या भूपट्टांत एकाच खोलीवर, एका किलोमीटरचाही फरक न पडता सापडावी, हे भूशास्त्राला धरून नव्हते.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग विद्यार्थिनीनेच विचारले, “सर, हिंगोलीच्या दोन्ही धक्क्यांची खोलीसुद्धा दहाच दिली होती ना? नेमकी दहाच कशी काय येते?” ती २१ मार्च २०२४ च्या सकाळच्या धक्क्यांविषयी बोलत होती. सहा वाजून गेल्यावर अवघ्या अकरा मिनिटांच्या अंतराने हिंगोली जिल्ह्यात ४.५ आणि ३.६ महत्तेचे दोन भूकंप नोंदले गेले, नांदेड-परभणीपर्यंत ते जाणवले आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदीत दोन्हींची खोली १० किलोमीटर होती. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण माझ्या मते हाच होता, कारण स्वतःच्याच आकृतीवर शंका घेण्याचे धैर्य तिने भर बैठकीत दाखवले.

ओळ कोठून आली

भूकंपाची खोली उपकरणावर वाचता येत नाही. वेगवेगळ्या केंद्रांवर लहरी किती वाजता पोहोचल्या एवढेच मोजले जाते, आणि त्यावरून अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंपाची सुरुवातीची वेळ ही चार अज्ञाते गणिताने काढली जातात. सर्व केंद्रे हजारो किलोमीटर दूर असतील, तर यांतल्या शेवटच्या दोन अज्ञातांची सांगड पडते. लातूरच्या स्थानकावर एसटी किती वाजता लागली एवढेच ठाऊक असेल, तर ती जवळच्या गावाहून उशिरा निघाली की दूरच्या गावाहून लवकर, हे सांगता येत नाही. तसेच खोल भूकंप थोडा नंतर झाला की उथळ भूकंप थोडा आधी, हे दूरच्या केंद्रांच्या वेळांवरून वेगळे करता येत नाही. भूकंपाच्या खोलीच्या दीडदोन पटींइतक्या अंतरात एखादे केंद्र असेल तर हा गुंता सुटतो. निकोबारजवळच्या समुद्रात १९७० किंवा १९८०च्या दशकात असे केंद्र असण्याचा प्रश्नच नव्हता.

गणिताला खोली सापडत नाही तेव्हा विश्लेषक ती एका ठरावीक आकड्यावर स्थिर करतात आणि उरलेली तीन अज्ञाते काढतात. हा आकडा दीर्घकाळ ३३ किलोमीटर होता, कारण जेफ्रीज आणि बुलन यांच्या प्रवासवेळांच्या कोष्टकांत भूकवचाची जाडी ३३ किलोमीटर मानलेली होती. पुढे उथळ भूकंपांसाठी १० किलोमीटर हा आकडा रूढ झाला. विद्यार्थिनीने दुसऱ्याच दिवशी बिंदूंना वर्षांप्रमाणे रंग दिले, तेव्हा ३३ ची ओळ जवळपास सगळी जुन्या वर्षांची आणि १० ची ओळ अलीकडच्या वर्षांची निघाली. भूगर्भातली सीमा कार्यालयातली पद्धत बदलल्यावर वर सरकत नाही, हे यावरून सगळ्यांच्याच लक्षात आले.

सूची तयार करणाऱ्यांनी यात काहीही लपवलेले नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. इंग्लंडमधील आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र, म्हणजे आयएससी, स्थिर केलेल्या खोलीपुढे तशी खूण करते आणि इतर सूचींतही खोली कशी ठरली याचा उल्लेख मिळतो. विभागात वर्षानुवर्षे हातोहात फिरणारी जी छोटी स्क्रिप्ट होती ती वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि महत्ता एवढेच रकाने ठेवून बाकीचे टाकून देत असे. नकाशे काढण्यासाठी लिहिलेली ती स्क्रिप्ट छेद काढण्यासाठी वापरली गेली, आणि नकाशात खोलीचा रकाना इतका महत्त्वाचा नसल्यामुळे हा दोष तोवर कोणाच्या नजरेत आला नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

प्रबंध सादर करायला जेमतेम एक सत्र उरले होते. सर्वांत सोपा पर्याय म्हणजे आकृती तशीच ठेवून खाली टीप द्यायची. मार्गदर्शकांनी तो लगेच नाकारला, कारण आकृती पाहणारा टीप वाचेलच असे नसते आणि आकृतीतली ठळक गोष्टच खोटी असेल तर टीप तिला खरी करू शकत नाही.

दुसरा पर्याय स्थिर खोलीचे सर्व भूकंप वगळण्याचा होता. त्याने छेद स्वच्छ झाला असता, पण एक नवा पक्षपात शिरला असता. ज्यांची खोली गणिताने मिळते ते भूकंप साधारणपणे मोठे, पुष्कळ केंद्रांवर नोंदलेले किंवा खोल असतात. उथळ आणि मध्यम आकाराचे भूकंप वगळले, की गर्तेजवळचा आणि भूपट्टांच्या संपर्कपृष्ठाचा भाग रिकामा दिसतो, आणि रिकामा भाग पाहून तेथे भूकंप होतच नाहीत असा तितकाच चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

तिसरा पर्याय विद्यार्थिनीने स्वतः मांडला. यूएसजीएसने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्लॅब-२ या प्रतिमानात जगातल्या अधोगमन क्षेत्रांमधील खाली जाणाऱ्या भूपट्टांचे पृष्ठभाग दिलेले आहेत. त्या पृष्ठभागापासून फार दूर पडणारे भूकंप गाळावेत, असे तिचे म्हणणे होते. या पर्यायावर सर्वांत अधिक वेळ गेला. तो आकर्षक होता, त्याने चित्र सुंदर झाले असते आणि कोणत्याही परीक्षकाला ते पटले असते. मार्गदर्शकांचा आक्षेप असा, की ते प्रतिमान इतर माहितीसोबत भूकंपसूचींवरूनही बनवलेले आहे. त्याच्याशी जुळणारे भूकंप निवडायचे आणि मग आमचा छेद प्रतिमानाशी जुळतो असे लिहायचे, हे उत्तर पाहून गणित सोडवण्यासारखे होईल. मला हा आक्षेप पूर्णपणे योग्य वाटला आणि आजही वाटतो. प्रतिमान शेवटी तुलनेसाठी वापरावे, निवडीसाठी वापरू नये, असे ठरले.

चौथा पर्याय आयएससी-ईएचबी या सूचीचा. एंगडाल, व्हॅन डर हिल्स्ट आणि बुलंड यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने त्यात भूकंपांची स्थाने नव्याने काढलेली आहेत आणि खोलीसाठी पृष्ठभागावरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींचा आधार घेतलेला आहे. अडचण इतकीच, की त्या सूचीतही सर्व खोल्या सारख्या विश्वासार्ह नसतात. काही तेथेही स्थिर केलेल्या असतात, फक्त त्यांची प्रत सांगितलेली असते.

पाचवा पर्याय कष्टाचा होता. निवडक भूकंपांचे मूळ भूकंपालेख मागवायचे आणि परावर्तित लहरी स्वतः वाचायच्या.

कार्यवाही

चौथा आणि पाचवा पर्याय एकत्र घ्यायचे ठरले. छेदाचा पाया ईएचबी सूचीतील चांगल्या प्रतीच्या खोल्यांवर उभा करायचा, आणि आडव्या ओळीतल्या काही मोठ्या भूकंपांची खोली विद्यार्थिनीने हाताने तपासायची.

या तपासणीचे तत्त्व साधे आहे. भूकंपातून निघालेली पी लहर, म्हणजे सर्वांत वेगवान आणि सर्वांत आधी पोहोचणारी लहर, खालून फिरून दूरच्या केंद्रावर पोहोचते. दुसरी पी लहर आधी सरळ वर जाते, पृष्ठभागावर आपटून खाली परतते आणि जवळपास त्याच वाटेने त्याच केंद्रावर थोडी उशिरा येते. विभागात तिला सगळे ‘छोटी पी’ म्हणू लागले. दोघींच्या वेळांतला फरक भूकंप किती खोल आहे यावर अवलंबून असतो, आणि त्यात सुरुवातीच्या वेळेचा संबंध येत नसल्यामुळे वर सांगितलेली सांगड सुटते. पन्नास अंश अंतरावरच्या (एक अंश म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारे १११ किलोमीटर) केंद्रावर ३३ किलोमीटर खोलीसाठी हा फरक सुमारे १० सेकंद, ६० किलोमीटरसाठी पंधरा-सोळा सेकंद आणि १०० किलोमीटरसाठी सुमारे २४ सेकंद येतो.

केंद्रे निवडताना पहिला खरा पेच आला. सर्वांची इच्छा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील, म्हणजे एनजीआरआयमधील, केंद्र वापरण्याची होती, कारण ते जवळचे, ओळखीचे आणि दीर्घकाळ चालू असलेले. पण निकोबार-सुमात्रा पट्ट्यापासून हैदराबाद सोळा ते वीस अंशांवर येते. एवढ्या अंतरावर पोहोचणाऱ्या लहरी प्रावरणातल्या ४१० आणि ६६० किलोमीटरवरच्या सीमांमुळे अनेक वाटांनी येतात, एका पी लहरीऐवजी काही सेकंदांच्या फरकाने दोन-तीन पी लहरी दिसतात, आणि त्यांत ‘छोटी पी’ ओळखणे धोक्याचे ठरते. तीस ते नव्वद अंशांमधली केंद्रे त्यासाठी उत्तम. म्हणून जपानमधील मात्सुशिरो आणि ऑस्ट्रेलियातील वॉरामुंगा येथील केंद्रांपासून सुरुवात झाली. दोन्ही उत्तर सुमात्रापासून पन्नास अंशांच्या आसपास आहेत. भूकंपालेख आयरिसच्या, म्हणजे आताच्या अर्थस्कोपच्या, खुल्या संग्रहातून मिळाले आणि संगणकीय साधनेही विनामूल्य होती. भूकंपमापक नसलेल्या विभागालाही हे काम करता येते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सूचीत ३३ किलोमीटर लिहिलेल्या एका भूकंपाचे उदाहरण घेऊ. मात्सुशिरोच्या आलेखावर पी लहरीनंतर १० सेकंदांच्या ठिकाणी विशेष काही नव्हते. पंधरा सेकंदांनंतर मात्र उलट्या दिशेने सुरू होणारा एक स्पष्ट झटका होता. विद्यार्थिनीने लगेच ६० किलोमीटर असे लिहिले. मार्गदर्शकांनी तिला आणखी दूरच्या केंद्रांचे आलेख एकाखाली एक लावायला सांगितले. तो झटका एखाद्या दुसऱ्या छोट्या भूकंपाचा असता, तर त्याचे पी लहरीपासूनचे अंतर सर्वत्र जवळपास सारखे राहिले असते. ‘छोट्या पी’चे अंतर केंद्र दूर जाईल तसे थोडे थोडे वाढत जाते. आलेखांत ते वाढताना दिसले.

तरीही एक प्रश्न उरला, आणि तो या प्रकरणातला सर्वांत नाजूक निर्णय ठरला. भूकंप समुद्राखालचा असेल तर वर जाणारी लहर समुद्रतळावरून परावर्तित होते, तशीच पाण्यातून वर जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरूनही होते. पाणी दोन किलोमीटर खोल असेल, तर ही दुसरी लहर अडीच-पावणेतीन सेकंदांनी मागून येते, आणि कधीकधी तीच अधिक ठळक असते. तिलाच ‘छोटी पी’ समजले, तर भूकंप बारा-तेरा किलोमीटरने अधिक खोल दिसतो. त्यामुळे प्रत्येक भूकंपाच्या वरच्या पाण्याची खोली पाहून दोन्ही लहरींच्या अपेक्षित वेळा काढायच्या, आणि दोन्ही जागी काय दिसते ते लिहून ठेवायचे, असा नियम केला. जेथे निवड करता आली नाही तेथे खोलीचे दोन आकडे दिले गेले. मध्यममान काढून एकच आकडा द्यावा हा आग्रह समितीतल्या काहींनी धरला होता. तो मान्य केला गेला नाही, कारण दोन शक्यतांच्या मधला आकडा दोन्ही शक्यतांत चुकीचाच असतो.

निष्पत्ती

नव्या छेदात ३३ ची ओळ नाहीशी झाली. हाताने तपासलेले तिचे काही बिंदू संपर्कपृष्ठाजवळ गेले, काही खाली जाणाऱ्या भूपट्टाच्या आत उतरले. तिरपा पट्टा अधिक अरुंद आणि स्पष्ट झाला. पूर्वेकडे त्याचा कल वाढत जातो आणि भूकंप शंभर किलोमीटरच्याही खाली पोहोचतात, हे नीट दिसू लागले. ज्यांची खोली ठरवता आली नाही ते भूकंप छेदातून काढून नकाशावर पोकळ वर्तुळांनी दाखवले. मोहो सीमेविषयीचा दावा आणि प्रकरणाचे शीर्षक दोन्ही मागे घेतले गेले. ते ठरले त्या दिवशी विद्यार्थिनी खचली होती, कारण प्रबंधात नवीन म्हणावे असे तेवढेच होते असे तिला वाटत होते.

खोलीतल्या या फरकाला किती अर्थ आहे हे तोंडी परीक्षेत विचारले गेले, आणि तिने ३० सप्टेंबर २००९ च्या पाडांगच्या भूकंपाचे उदाहरण दिले. सुमात्राच्या किनाऱ्याजवळचा ७.६ महत्तेचा तो भूकंप सुमारे ८० किलोमीटर खोल, खाली गेलेल्या भूपट्टाच्या आत झाला होता. त्यात हजाराहून अधिक माणसे गेली, पण संपर्कपृष्ठावर साठलेला ताण त्याने मोकळा केला असे म्हणता येत नाही. हाच भूकंप ३३ किलोमीटरवर मांडला असता, तर तो संपर्कपृष्ठाजवळचा वाटला असता आणि पुढच्या धोक्याचा हिशेब चुकला असता. परीक्षकांनी पुढे काही विचारले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, सूची उतरवून घेतानाच खोली कशी ठरली हे सांगणारा रकाना ठेवायला हवा होता, आणि छेद काढण्याआधी खोल्यांचा साधा स्तंभालेख पाहायला हवा होता. ३३ आणि १० वरचे दोन उंच स्तंभ पाच मिनिटांत दिसले असते. विभागाने ती जुनी स्क्रिप्ट आता बदलली आहे, आणि खोलीचा प्रकार दिलेला नसेल तर ती छेद काढायला नकार देते.

दुसरे, आढावा बैठक फार उशिरा झाली. शीर्षक ठरून मजकूर निम्मा लिहून झाल्यावर आकृती प्रथमच इतरांनी पाहिली, आणि तोवर अर्थाशी जवळीक निर्माण झालेली होती. पहिली आकृती अर्थाविना, फक्त बिंदू म्हणून, समितीपुढे यावी असे मी तेव्हा सुचवले होते. ते अजून नियमित झालेले नाही.

तिसऱ्या बाबतीत समितीत आजही दुमत आहे. वेळ पाहता भूकंप कमी घेऊन केंद्रे वाढवावीत, की केंद्रे मोजकी ठेवून भूकंप वाढवावेत? विद्यार्थिनीने दुसरा मार्ग घेतला. माझे मत पहिल्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या लहरीचा प्रश्न वेगवेगळ्या दिशांची केंद्रे पाहिल्याशिवाय सुटत नाही, आणि ज्या भूकंपांपुढे दोन आकडे लिहावे लागले त्यांतले निदान काही तरी त्याने एका आकड्यावर आले असते. किल्लारीला एनजीआरआयने छिद्र पाडून बेसाल्टची जाडी ३३८ मीटर असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. निकोबारखालच्या ६० किलोमीटरपर्यंत कोणतेही छिद्र पोहोचणार नाही, तेथे जे काही कळायचे ते आलेखांतल्या या दोन-तीन सेकंदांतूनच कळणार आहे. दोन आकड्यांच्या त्या भूकंपांची यादी विभागात ठेवलेली आहे, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला वायव्येकडच्या, युरोपातल्या केंद्रांचे आलेख घेऊन तीच यादी पुन्हा तपासायला दिली आहे.